तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्या लोकांत तुझं काय काम?’

लंडनमधल्या माझ्या मराठी मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला विचारलंत, आरतीनंतर चपला शोधताना विचारलंत, आणि परवा सोलापूरहून नणंदेनंही फोनवर विचारलं, म्हणजे विषय तिथवर पोचलाय. ‘दर शनिवारी त्या लायब्ररीत काय करतेस? विंडरश काय, ब्लॅक हिस्ट्री काय, ते त्यांचं आहे. त्या लोकांत तुझं काय काम?’ आजवर मी हसून ‘अगं, आवड म्हणून’ म्हणत आले. आवडबिवड काही नाही. आवड मला नाटकाची आहे.

तर शनिवारी मी फॉर्म भरते, विंडरशवाल्या माणसांचे. विंडरश म्हणजे 1948 मध्ये कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन आलेली बोट; तिच्यावरून त्या काळात आलेल्या सगळ्या पिढीलाच ते नाव पडलं. वेस्ट इंडीज आणि इतर कॉमनवेल्थ देशांतून 1973 च्या आधी रीतसर आलेल्या, आयुष्यभर इथे राबलेल्या माणसांना सरकार बेकायदा ठरवत होतं, हे 2018 मध्ये चव्हाट्यावर आलं. कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार थांबले, काहींना तर विमानात बसवून परत पाठवलं. 2019 मध्ये भरपाईची योजना आली. पण भरपाई हवी तर त्या सगळ्या काळात तुम्ही इथेच होतात याचे पुरावे तुम्हीच आणायचे. आणि माणसं कधी उतरली याची नोंद ज्या लँडिंग कार्डांवर होती, ती सरकारनंच 2010 मध्ये नष्ट केलेली. मग ऐंशी पार केलेली माणसं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखेत घेऊन येतात. आत पगाराच्या चिठ्ठ्या असतात, घडीवर फाटलेल्या. मुलाच्या शाळेचं पत्र. भाड्याचं छोटं पुस्तक, दर शुक्रवारी घरमालकिणीची सही घेतलेलं. मी ते टेबलावर सालवार मांडते. मधलं एखादं वर्ष रिकामं निघालं की विचारते, ‘या वर्षी कुठं होतात?’ बहुतेक जण सांगतात, ‘कामावर.’ मी अकाउंट्समधली, मला हे जमतं. आणि हो, त्या रांगेत भारतातून आलेलेही असतात. तुमच्यापैकी कुणाला हे माहीत नव्हतं.

राहता राहिलं ‘सेलिब्रेशन’. 22 जूनला विंडरश डे, उन्हाळ्यात साउथ एशियन हेरिटेज मंथ, ऑक्टोबरात ब्लॅक हिस्ट्री मंथ. स्टील पॅन हे कॅरिबियन पत्र्याचं वाद्य वाजतं, जर्क चिकनचा धूर होतो, आणि आशियाचं योगदान म्हणून कुणीतरी समोसे आणतं. मी समोसे तळणार नाही हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलंय. तुम्हाला त्यात फक्त नाचगाणं दिसतं. मला पहिल्या कार्निव्हलचं माहितीपत्रक आठवतं. 1958 मध्ये नॉटिंग हिलला गोऱ्या टोळ्यांनी कॅरिबियन वस्तीवर हल्ले केले. त्यानंतर 30 जानेवारी 1959 ला, ऐन थंडीत, क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादच्या बाईनं सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. माहितीपत्रकात छापलं होतं की याच्या विक्रीतला काही पैसा त्या दंगलीत सापडलेल्या काळ्या आणि गोऱ्या पोरांचे दंड भरायला जाईल. नाचायचं आणि त्याच नाचाच्या माहितीपत्रकाच्या पैशातून कोर्टात उभं राहायचं. ती ब्रिक्स्टनमधून पेपर काढायची, त्याच्या लांबलचक नावात वेस्ट इंडियनबरोबर आफ्रो-एशियनही होतं, आणि तो चालवायला तिच्याबरोबर राबणारा तिचा जोडीदार मनचंदा भारतीय होता. हे ‘त्यांचं’ की ‘आपलं’, तुम्हीच ठरवा.

ब्रिस्टलची गोष्ट तर मी तुम्हाला तीनतीनदा सांगितलीय आणि तुम्ही तीनतीनदा चहा आणायला उठलात. 1963 साली तिथली बस कंपनी काळ्या-सावळ्या माणसाला कंडक्टर घेत नसे. युनियनचीही त्याला फूस. गाय बेली नावाच्या जमैकन तरुणाची मुलाखत फोनवर ठरली. तो समोर आल्यावर ती रद्द झाली. पॉल स्टीफनसन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला. 28 ऑगस्टला कंपनी नमली, आणि 17 सप्टेंबरला जो पहिला बिगरगोरा कंडक्टर बसवर चढला त्याचं नाव रघबीर सिंग. भांडले बहुतेक जमैकाचे, नोकरीचं पहिलं दार उघडलं ते आपल्याकडच्या सरदारजीला. पुढे 1965 आणि 1968 चे वंशभेदविरोधी कायदे झाले. आज इथल्या कुठल्याही ऑफिसात तुमच्या नवऱ्याला तोंडावर ‘आम्ही इंडियन घेत नाही’ असं म्हणायची सोय नाही, ती काही त्याच्या व्हिसाची पुण्याई नव्हे.

यावर 2003 साली आलेली मी काय म्हणाली असती ते मला पाठ आहे. ‘आम्ही कौशल्यावर आलो. कर भरतो. कुणाचं देणं लागत नाही. कर्ज घेतलंच नाही तर फेडायचं कसलं?’ ती बाई मला अजून निरुत्तर करते. मी म्हणते, देणं म्हणू नकोस, हिशेब म्हण. ती म्हणते, मग दोन्ही बाजूंचा मांड. तिथे मी अडते, आणि का अडते ते पुढे येईलच.

तुमच्यातल्या निम्म्याजणी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जुबिली लाइननं डॉलिस हिलला उतरतात. 1932 साली स्थापन झालेल्या मंडळाचा तुम्हाला अभिमान, मलाही आहे. पण त्याच स्टेशनाजवळ ग्रनविकचा कारखाना होता, टपालानं आलेले फिल्मचे रोल धुऊन फोटो परत पाठवणारा. तिथल्या बऱ्याच बायका पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती. 20 ऑगस्ट 1976 च्या संध्याकाळी जयाबेन देसाई सक्तीच्या ओव्हरटाइमवरून मॅनेजरशी भांडून मुलाला घेऊन बाहेर पडल्या. जाताना त्याला ऐकवून गेल्या की हा कारखाना नाही, प्राणिसंग्रहालय आहे. तुझ्या बोटांवर नाचणारी माकडं इथे आहेत, तसे मुंडकं तोडणारे सिंहही आहेत. पाच फूटही उंची नसलेली, साडीतली बाई. मागून इतरही संपावर गेल्या, मालकानं त्यांना काढून टाकलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी क्रिकलवूडच्या पोस्टमननी कारखान्याचं टपाल उचलणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात खाणकामगार आले, गोदी कामगार आले. याच लंडनचे गोदी कामगार 1968 मध्ये ‘बाहेरच्यांना हाकला’ म्हणणाऱ्या खासदार इनॉक पॉवेलच्या बाजूनं मोर्चा घेऊन गेले होते. न्यायाधीश लॉर्ड स्कारमनच्या सरकारी चौकशीनं बायकांना परत घ्या म्हटलं, मालकानं ऐकलं नाही, आणि 1978 च्या जुलैत संप संपला. हरल्या त्या. मिळालं काहीच नाही. तरी चाळीस वर्षांनी वस्तीतल्या लोकांनी तिथल्या भिंतीवर त्यांचं चित्र काढलं.

आता गणपतीचा तो प्रसंग. त्याच्याबद्दल तुम्ही समोर विचारत नाही, पाठीमागे बोलता.

मंडळ कुठलं ते लिहीत नाही. लंडनभोवती आता उपनगरागणिक मंडळं आहेत. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. आमच्या शनिवारच्या गटात बार्बाडोसच्या एक आँटी आहेत. लंडन ट्रान्सपोर्ट 1956 पासून थेट बार्बाडोसला जाऊन माणसं भरती करत असे, त्यातून त्या आल्या. आधी कँटीनमध्ये, मग बसवर कंडक्टर. ढोलताशा ऐकायची त्यांची फार इच्छा. त्या चर्चला जाताना घालतात ती जांभळी हॅट, त्याच रंगाचा ड्रेस आणि डब्यात केक, रममध्ये भिजवलेला. गणपतीला रम आणि अंडं नको म्हणून केक मी गाडीतच ठेवायला लावला. त्यांना दारात माझ्या मुलीबरोबर सोडून मी गाडी लावायला गेले.

दारात मनगटाला पट्टी बांधणारा मुलगा त्यांना बघून म्हणाला, ‘बरं झालं आलात, लेडीज टॉयलेट तुंबलंय.’ जांभळी हॅट घालून कुणी टॉयलेट साफ करायला येतं का? आँटी म्हणाल्या, ‘वाईट झालं बाळा, पण मी पाहुणी आहे.’ तो ओशाळला, सॉरी म्हणाला, पट्टी बांधली. इथवर ठीक. आत गेल्यावर दहा मिनिटांत एका काकांनी त्यांना विचारलं की मागच्या खुर्च्या कधी हलवणार. माझ्या मुलीनं हे मला सांगितलं, आँटींनी नाही.

मी थेट कार्यवाहांकडे गेले. म्हटलं, स्टेजवरून सांगा की या आपल्या पाहुण्या आहेत. ते म्हणाले, ‘वहिनी, मुद्दाम कुणी केलंय का? या शाळेचा केअरटेकर खरंच काळा आहे, माणसाचा गैरसमज होतो. आपल्यालाही गोरे कुठे ओळखतात?’ मग माझा आवाज चढला. तुम्ही म्हणता मी आरतीत तमाशा केला. आरती सुरू व्हायची होती. घरात आपण या लोकांसाठी कोणता शब्द वापरतो तो मी मोठ्यानं उच्चारला, लहान मुलांसमोर, हेही खरं. तो शब्द तुमच्याच तोंडचा होता. माझ्या तोंडून ऐकल्यावर तेवढा घाण वाटला. आम्ही निघालो. ताशा तेव्हा नुकता तापत होता.

गाडीत मला वाटलं, आँटी माझा हात धरतील. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, ‘साठ वर्षांत मला किती जणांनी सफाईवाली समजलंय. दर वेळी उठून गेले असते तर या देशात मी काही बघितलंच नसतं. मला ढोल ऐकायचे होते.’ मग केकचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि घर येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या स्वतः तिकीट काढून गेल्या. त्यानंतरही जातात. कार्यवाहांच्या आई त्यांच्यासाठी पुढची खुर्ची धरतात म्हणे. मी गेलेली नाही. माझं भांडण बरोबर होतं असं मी आजही म्हणेन, आणि त्यांची संध्याकाळ माझ्यामुळे गेली हेही तितकंच खरं. यातलं एक खोडल्याशिवाय दुसरं लिहिता येत नाही असं मला तरी वाटत नाही.

तो दोन्ही बाजूंचा हिशेब असा. लायब्ररीत आमचा गट जे प्रदर्शन भरवतोय त्यासाठी ग्रनविकचा फलक लिहिला तेव्हा आमच्यातला एक काळा तरुण, ज्याचं घराणं युगांडाचं, म्हणाला, ‘या बायका शूर होत्याच. पण कंपाल्यात यांच्या घरी भांडी कोण घासत होतं, तेही लिहा.’ इंग्रजांनी मधल्या पायरीवर बसवलेले दुकानदार ते. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं त्यांना देशातून हाकललं ते क्रूरच, पण त्या पोराच्या आजीला त्या दुकानात मागच्या दारानं यावं लागे. फलकात हे घालावं का? आमच्या गुजराती सभासदांनी बैठकच सोडली.

आणि आपलं? जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 ला मुंबईत पोरांनी ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतून उचललं. त्या लोकांशी संबंध काय हे मराठी माणसानं विचारावं, कमाल आहे. पण त्याच ब्रिटनमध्ये जातीवरून भेदभावाला कायद्यानं बंदी करा असं 2013 मध्ये संसदेनं ठरवलं, तेव्हा ‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणत विरोधाला इथल्या हिंदू संघटना पुढे होत्या, आणि 2018 मध्ये सरकारनं तो विषय गुंडाळला. विंडरशचा घोटाळा बाहेर आला तेच वर्ष. मी जातीचा एक फलक सुचवलाय. ‘हा आपला घरातला प्रश्न, परक्यांसमोर कशाला,’ असं मला सांगण्यात आलं. गंमत म्हणजे युगांडाच्या फलकावर नाक मुरडणारे आणि हे सांगणारे बरेचसे तेच.

या दोन फलकांवरचं गटाचं मतदान दोनदा पुढे ढकललंय. आता गुरुवारी आहे. मी दोन्ही फलकांच्या बाजूनं बोलणार, आणि तो युगांडावाला पोरगा जातीच्या फलकाला हात वर करेल याची मला खात्री नाही. त्याला वाटतं, आम्ही आमचं दुखणं पुढे करून त्याचं मागे सारतोय. त्यालाही समजवावं लागेल, किंवा ऐकावं लागेल. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर लायब्ररीत, संध्याकाळी सात वाजता. सहानंतर पुढचं दार बंद असतं, बाजूच्या गल्लीतून या. आणि समोसे आणू नका.