चार पाऊण तीन

रविवार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. रात्री पावणेबारा

उजव्या तळहातावर दोराने आडवी लाल रेघ उठली आहे. पेन धरलं की नेमकं तिथेच टेकतं, त्यामुळे अक्षर आज असं आलं आहे. उपास आत्ता सुटला. यांनी आरती करून ठेवली होती, नैवेद्यही दाखवला होता. मी आल्यावर फक्त पान वाढलं आणि म्हणाले, "जेव आधी, मग सांग." मी जेवता जेवताच सांगितलं. सगळं नाही सांगितलं.

शिडाच्या बोटींच्या क्लबात नाव घातल्याला आता दहा रविवार झाले. आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. एका ठिकाणच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्याने "कुणासाठी? मुलासाठी का?" असं विचारलं आणि माझ्यासाठी म्हटल्यावर इतका वेळ गप्प राहिला की मीच फोन ठेवला. हा क्लब लहान आहे, आणि त्यातला हा रविवारचा गट पन्नाशीपुढच्यांचा. शर्यती-बिर्यती नाहीत. शिडाच्या बोटीतून दुपारी बंदरात एक चक्कर, नंतर चहा. अटी दोनच होत्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि पोहता येणं. पोहायला मी पंचावन्नाव्या वर्षी मुलुंडच्या पालिकेच्या तरणतलावात शिकले होते, गुडघ्यांसाठी. ते असं कामी येईल हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

मुंबईत शिडाच्या बोटींचा नाद जुना. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. पण तो साहेबांचा खेळ, अपोलो बंदरावरचा, आणि आम्ही तिथे जायचो ते भेळ खायला आणि कबुतरं बघायला. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली सात फोर्टच्या शाखेत. समुद्र दहा मिनिटांवर. दुपारच्या सुट्टीत एकदाही गेले नाही. डबा खायचा आणि पुन्हा काउंटरवर.

यांना भीती वाटते, आणि त्यात काही चूक नाही. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली, माणसं गेली. ती बातमी आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितली होती. मी नाव घातलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "तुला काय दिलीप दोंदे व्हायचंय?" दोंद्यांनी २००९च्या ऑगस्टात मुंबईहून एकट्याने शीड उभारलं आणि २०१०च्या मेमध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आले, असं करणारे पहिले भारतीय. मी म्हटलं, मला मांडव्यापर्यंत गेलं तरी पुरे. मांडव्याला अजून गेलेली नाही. मुलाने पुण्यातून फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय, मी कुठे आहे ते त्याला तिकडे दिसतं. आज संध्याकाळी त्याला मी दोन तास एकाच जागी, भर पाण्यात उभी दिसले.

पहिल्या दिवशी मला कुणी नवरा काय करतो, मुलं कुठे असतात, असलं काही विचारलं नाही. विचारलं काय, तर वजन किती. आमच्या बोटीवरच्या पारशी बावाजींनी विचारलं, सरळ, चारचौघांत. अडुसष्ट किलो म्हटल्यावर ते खूश झाले. वाऱ्याने बोट एका बाजूला कलते तेव्हा सगळ्यांनी दुसऱ्या बाजूला बसायचं असतं, आणि तिथे वजनदार माणसाला मान असतो. माझ्या वजनावर कुणी खूश झाल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

बावाजी त्र्याहत्तर वर्षांचे, सुकाणू त्यांच्याकडे. डॉक्टरबाई दातांच्या, पार्ल्याच्या, सहासष्ट. मी तिघांत लहान, त्यामुळे पुढचं लहान शीड माझ्याकडे. आणि तांडेल, म्हणजे बोटीवरचा जाणता खलाशी. तो हर्णैचा, चाळिशीतला. तो नसता तर आम्ही तिघं पहिल्याच रविवारी उरणच्या चिखलात रुतलो असतो.

पहिले तीन-चार रविवार माझा सगळा गोंधळ एका शब्दाचा. बावाजी ओरडायचे "शीट! शीट!" आणि मी वर शिडाकडे बघायची. शीट म्हणजे शीड नव्हे, शीड ओढायची दोरी. आता हे मराठी माणसाच्या डोक्यात कसं शिरावं? तांडेलाने एकदा समजावलं, "ताई, वर फडफडतं ते शीड, हातात काचतं ते शीट." ते मात्र बसलं.

दुसरं शिकायला लागलं ते वाऱ्याचं. वारा समोरून असेल तर बोट सरळ त्याच्या तोंडात जातच नाही. थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून, नागमोडी जायचं. वळताना आडवी काठी, ती बूम, एका बाजूची दुसऱ्या बाजूला फिरते. तेव्हा डोकं खाली. तिसऱ्या रविवारी मी खाली घेतलं नाही. टेंगूळ दिवाळीपर्यंत होतं, फराळाला आलेल्या प्रत्येकाला त्याची गोष्ट सांगावी लागली.

आता आजचं.

अडीचला निघालो. वारा वायव्येचा, छान भरलेला. गेटवेच्या पायऱ्यांवर नेहमीची गर्दी, सेल्फी, फुगे. मांडव्याच्या लाँची गेल्या की त्यांच्या लाटांवर आमची बोट पाळण्यासारखी वरखाली व्हायची. बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटाचा कोट ओलांडून पलीकडे गेलो. मी डबा उघडला. संकष्टी म्हणून साबुदाण्याची खिचडी, थोडी जास्तच नेली होती. बावाजींनी एक चमचा मागितला आणि अर्धा डबा संपवला. उपास माझा, खिचडी त्यांची. डॉक्टरबाईंनी दाण्याचं कूट दातांत कसं अडकतं यावर व्याख्यान दिलं आणि मग त्यांनीही खाल्ली.

सव्वापाचला वारा पडला.

कमी झाला असं नाही, पडला. हिवाळ्यात संध्याकाळी असं होतं म्हणे, खारे वारे थकतात आणि जमिनीवरचे मतलई उठायला रात्र व्हावी लागते. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. पाणी तेलासारखं. शिडाला चिकटवलेले लोकरीचे दोरे, वारा कुठून लागतोय ते दाखवणारे, सरळ खाली. पाच-दहा मिनिटं तर छानच वाटलं. धुरकट हवेत सूर्य कुलाब्यामागे चालला होता, कुणी काही बोलत नव्हतं.

तांडेल मात्र काठाकडे बघत होता. मला म्हणाला, "ताई, ताजचा घुमट बघा." बघितला. मघाशी तो गेटवेच्या कमानीच्या अगदी मागे होता. आता डावीकडे सरकला होता. घुमट कसा सरकेल? सरकत होतो आम्ही. पाणी हलत नव्हतं असं वाटत होतं, पण सगळं बंदरच आम्हाला घेऊन दक्षिणेला निघालं होतं, बाहेर, खुल्या समुद्राकडे. प्रॉन्ग्सचं दीपगृह, १८७५चं, एरवी लांबवर काडीएवढं दिसतं. ते हळूहळू आमच्याकडे येत होतं.

बावाजींनी क्लबला फोन लावला. आमच्यासारख्या आणखी दोन बोटी अडकल्या होत्या आणि ओढून आणणारी मोटरबोट एकच. त्या दोघींकडे नांगर नव्हता म्हणून त्या आधी. आमच्याकडे आहे, तो टाका आणि थांबा.

नांगर टाकणं म्हणजे नुसता फेकणं नव्हे हे आज कळलं. तांडेलाने तो नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, अलगद सोडला आणि दोर माझ्या हातात दिला, "हळूहळू सोडा, एकदम नाही." मी हळूहळू सोडायला लागले, पण प्रवाहाने बोट मागे खेचली आणि दोर सर्रकन हातातून गेला. रेघ तिथली. तांडेलाने त्यावर पाय दिला, खुंट्याला दोन वेढे मारले, आणि बोट एक झटका खाऊन थांबली. मग गंमत झाली. बोट वळून प्रवाहाला तोंड देऊन उभी राहिली आणि नाळेखाली खळखळ आवाज सुरू झाला, वेगात पाणी कापत गेल्यावर येतो तसाच. आम्ही जागच्या जागी उभे, आणि आवाज प्रवासाचा.

"तिथी कुठली आज?" तांडेलाने विचारलं.

"चतुर्थी."

"मग तीनला भरली होती. आता नवाशिवाय पाणी फिरत नाही."

आणि मला एकदम मामंजी आठवले.

१९८९ साली लग्न होऊन मी पहिल्यांदा सासरच्या गावी गेले. दाभोळच्या खाडीपलीकडे, धोपाव्याच्या बाजूला. पलीकडे बाजाराला जायचं तर तरीतून, म्हणजे होडीतून. मामंजी सकाळी ओटीवर बसून पंचांग बघायचे आणि पुटपुटायचे, "चार पाऊण तीन... पाच पाऊण पावणेचार..." मला वाटायचं म्हातारे शाळेतली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, विसरू नये म्हणून घोकतात. मी एकदा विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ." पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी. वद्य असो की शुद्ध, आकडा तोच. मी बँकेत लागलेली, कॅल्क्युलेटरवाली, मनात म्हटलं, बरं. मामंजी जाऊन वीस वर्षं झाली. पाऊणकी मला आजही सलग येत नाही, कागदावर करते.

तांडेलाला विचारलं, तू कसं करतोस? म्हणाला, तसंच, आज्याने शिकवलं. डॉक्टरबाईंनी मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. पाऊणकीत आणि त्यात दहा-बारा मिनिटांचा फरक निघाला. बावाजी म्हणाले, "तुमचा कॅलेंडर मला पण पाहिजे." मी म्हटलं, भिंतीवर असतं आमच्याकडे, त्यावर दुधाचा हिशेब लिहितो.

मग अंधार. लाइफ जॅकेटच्या आत घाम आणि बाहेर गार. जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्यांचे दिवे, लांब नांगरलेल्या जहाजांचे दिवे. आम्ही टॉर्च शिडावर मारून ठेवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. एक लाँच तरी बरीच जवळून गेली. हेच मी यांना सांगितलेलं नाही. भीती वाटली. पण भीतीपेक्षा जास्त काय वाटलं ते लिहायलाच हवं, कारण उद्या मी ते कबूल करणार नाही: मला लघवीला लागली होती आणि दोन तास मी दुसरा कसलाही विचार केला नाही. डॉक्टरबाईंचंही तेच. पुढच्या वेळी दुपारचं पाणी बेताने.

मोटरबोट आठच्या पुढे आली. दोन बोटी आधीच मागे बांधलेल्या, आमची तिसरी. ओहोटीविरुद्ध ती वरात रांगत निघाली. गेटवेच्या बाजूच्या पायऱ्यांशी लागलो तेव्हा पाणी इतकं खाली गेलं होतं की एरवी कधीच न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, हिरव्या, शेवाळलेल्या, कालवांच्या कपच्या चिकटलेल्या. तांडेलाने हात दिला. दोन पायऱ्या चढून मी मागे वळले, पर्स बोटीत राहिली होती म्हणून, तर समोर उरणच्या बाजूला धुक्यातून चंद्र वर आला होता. तांबडा, एका बाजूने जरासा चेपलेला.

तांडेल खालच्या पायरीवर वाकून पाण्यात तरंगणारी एक काडी बघत होता. काडी थांबली होती.

"फिरलं," तो म्हणाला.

मी यांना फोन केला. म्हटलं, चंद्र दिसला. हे म्हणाले, "हो, कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ आत्ताचीच आहे. तू कुठायस?" बत्तीस वर्षं संकष्टी करतेय. दर महिन्याला या वेळेला मुलुंडच्या गॅलरीत उभी राहून इमारतीच्या टाकीमागून चंद्र कधी वर येतो ते बघत असते, पोटात कावळे. आणि त्याच वेळेला इथे पाणी फिरत असतं.

पर्स मिळाली. डबा राहिला.

सोमवार, वद्य पंचमी

खांदे दुखतायत. हळद-तेल लावलं. हाताला काही नाही, रेघ फिकी झाली.

सकाळी कॅलेंडर खाली उतरवून टेबलावर घेतलं आणि या महिन्याच्या उरलेल्या रविवारांपुढे पेन्सिलने भरतीच्या वेळा लिहिल्या. हे म्हणाले, तिथे दुधाच्या जादा लिटरची नोंद असते. मी म्हटलं, दुधाची शेजारच्या रकान्यात करा. पुढचा रविवार एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, दुपारी अडीचला ओहोटी पुरी. म्हणजे अडीचला निघालो तर पाणी घराकडे येणारं. वारा पडला तरी आत येऊ, बाहेर नाही. पेन्सिलीने त्याच्यापुढे एक टिक केली.

दुपारी बावाजींचा निरोप आला. डबा त्यांनी धुऊन ठेवलाय, आणि पुढच्या रविवारी खिचडी आहे का?

एकादशीला असतेच, मी कळवलं. दुप्पट आणते.