पाठवलेली व्हॅल्यू जाते कुठे?

एक्सएसएलटीत (एक्सएमएल दस्तऐवजाचं रूप बदलणारी भाषा) काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला: ‘मी पॅरामीटर पाठवलाय, नाव जुळतंय, एररही नाही, तरी खालच्या टेम्प्लेटमध्ये तो रिकामा का?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर. (टेम्प्लेट म्हणजे एकेका एलिमेंटचं काय करायचं ते सांगणारा नियम; पॅरामीटर म्हणजे त्याला बाहेरून दिलेली व्हॅल्यू.)

आधी अवतरणचिन्हं बघा. विथ-पॅरामच्या (पॅरामीटर पाठवणाऱ्या सूचनेच्या) सिलेक्टमध्ये नुसतं मराठी असं लिहिलंत, तर प्रोसेसर त्या नावाचं एलिमेंट शोधायला लागतो. ते सापडत नाही आणि रिकामा नोडसेट (सापडलेल्या एलिमेंटांचा संच) पुढे जातो. शब्दच पाठवायचा असेल तर दुहेरी अवतरणाच्या आत पुन्हा एकेरी अवतरण लागतं.

ते ठीक असेल तर मधली वाट तपासा. समजा, ‘पुस्तक’च्या टेम्प्लेटने अप्लाय-टेम्प्लेट्स करताना (आतल्या एलिमेंटांवर त्यांची टेम्प्लेट्स चालवताना) भाषा पाठवली आणि ती हवी आहे ‘तळटीप’ला. मध्ये ‘प्रकरण’ आहे आणि त्याचं टेम्प्लेट तुम्ही लिहिलेलंच नाही. तिथे भाषेचं स्वतःचं अंगभूत टेम्प्लेट चालतं. 1999च्या 1.0 आवृत्तीत ते मुलांकडे (आतल्या एलिमेंटांकडे) जातं, पण पॅरामीटर पुढे देत नाही. पंगतीत मिठाची वाटी पुढे सरकवावी आणि मधल्याने ती स्वतःजवळच ठेवून घ्यावी, तसं. तळटीप मग आपली डीफॉल्ट व्हॅल्यू घेऊन गुपचूप कामाला लागते. 2007च्या 2.0मध्ये हे अंगभूत टेम्प्लेट पॅरामीटर पुढे देऊ लागलं. पण ब्राउझर आणि एक्सएसएलटीप्रॉक (कमांडलाइनवरचा प्रोसेसर) अजून 1.0वरच आहेत, त्यामुळे जुना घोळ संपलेला नाही.

‘प्रकरण’चं टेम्प्लेट तुम्ही स्वतः लिहिलं असेल, तर तिथून पॅरामीटर पुढे देणं दोन्ही आवृत्त्यांत तुमचंच काम. ते टाळायला 2.0मध्ये टनेल आलं: पाठवताना आणि घेताना, दोन्हीकडे टनेल येस लिहायचं, मधल्यांना पत्ताही लागत नाही. एकाच बाजूला लिहिलंत तर पुन्हा तीच शांतता. म्हणून घेणाऱ्या पॅरामवर रिक्वायर्ड येस लिहावं, म्हणजे व्हॅल्यू आली नाही की प्रोसेसर निदान बोंब तरी मारतो.

खरं सांगू? असे कितीतरी पॅरामीटर मुळात पाठवायचीच गरज नसते. भाषा पुस्तकाच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहिलेलीच आहे ना? मग तळटिपेतून अ‍ॅन्सेस्टर अ‍ॅक्सिसने (वरच्या एलिमेंटांकडे नेणाऱ्या वाटेने) वर जाऊन ती वाचावी. दुसऱ्या भाषांतून आलेली मंडळी (जावावाले विशेषतः) सगळं हातात घेऊन फिरतात; इथे दस्तऐवजाचं अख्खं झाड समोर असतं, हे त्यांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. कॉल-टेम्प्लेट करताना (टेम्प्लेटला नावाने बोलावताना) चालू नोड, म्हणजे झाडातली सध्याची जागा, पाठवणारेही भेटतात. तो तर बदलतच नाही!

जे झाडात नाहीच, ते मात्र पाठवावंच लागतं. उदाहरणार्थ, 1.0मध्ये प्रत्येक ओळीची किंमत गुणिले नग करून एकूण काढायचं आहे. व्हेरिएबल एकदा ठरलं की बदलत नाही, सम फंक्शनला गुणाकार जमत नाही. मग टेम्प्लेटने स्वतःलाच बोलवायचं, दर वेळी आतापर्यंतची बेरीज पॅरामीटर म्हणून देत. एक्सएसएलटीप्रॉकमध्ये अशा एकात एक बोलावण्यांची खोली मूळ सेटिंगनुसार 3000ला अडते. यादी त्याहून लांब असेल तर मॅक्सडेप्थ, म्हणजे ही मर्यादा, वाढवा, नाहीतर यादीचे दोन भाग करून प्रत्येकाची बेरीज वेगळी काढा. मी दुसरं करतो.