त्या दिवशी टिल्लू नाचत नव्हता

जूनअखेरची गोष्ट. चार दिवस झोडपून पावसाने उघडीप दिली होती. सकाळपासून दवाखान्यात गोचीड, जंत, एका गाईची सुजलेली कास, असं नेहमीचंच चाललं होतं. साडेदहाच्या सुमारास दारात रिक्षा थांबली आणि काकू उतरल्या, टिल्लूला पदरात गुंडाळून.

टिल्लू म्हणजे सात किलोचा, चार वर्षांचा डॅशुंड. मुंबईहून मुलाने आणला आणि काकूंकडेच राहिला. रत्नागिरीजवळच्या त्यांच्या घरामागे मोठं आगर आहे. माड, पोफळी, केळी, कडेने चिऱ्यांचा जुना गडगा आणि गडग्यापलीकडे कातळाचा उघडा सडा. म्हणजे टिल्लूला दिवसभर काम. खार माडावर चढली की हा बुंध्याशी दोन पायांवर उभा राहून किंचाळणार. भारद्वाज केळीखाली उतरला की शेपटी गरगर फिरवत धावणार. मुंगूस दिसलं की गडग्याच्या भोकात अर्धं अंग घालणार. एकदा घोरपडीमागे जाऊन तिथेच अडकला, तेव्हा दोन चिरे काढून त्याला सोडवावं लागलं. लस द्यायला आणला की काकू हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगायच्या, पण डोळ्यांतलं कौतुक लपायचं नाही.

"गांधीलमाशी चावली वाटतं," त्या म्हणाल्या.

नाकाची उजवी बाजू डोळ्यापर्यंत सुजली होती. माशी चावलेला कुत्रा पंजाने तोंड चोळतो, जमिनीवर घासतो. टिल्लू मात्र मान खाली घालून गप्प बसला होता आणि हात जवळ नेला की अंग चोरत होता. शेजारणीने लावलेली हळद मी हलक्या हाताने पुसली, केस कातरले. ओठाच्या वर दोन बारीक टिपके, आणि त्यातल्या एकातून पाण्यासारखं पातळ रक्त झिरपत होतं.

"किती वेळ झाला, काकू?"

"झाला असेल पाऊण तास."

सुईच्या टोकाएवढी जखम पाऊण तासाने कोरडी पडायला हवी. मी विचारलं, "चावण्याआधी भुंकत होता?"

"भुंकत होता ना! पण रोजच्यासारखा नाही हो. एरवी सारखा नाचतो. आज एका जागी पाय रोवून, गडग्याच्या बुडाशी बघून भुंकत होता. आवाजही जाड. मी चुलीपाशी होते, आतूनच ओरडले, गप रे मेल्या. दोनदा ओरडले."

मी पुढच्या पायाच्या शिरेतून दोन मिलीलीटर रक्त काढलं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. नंतर कलती करायची. रक्त गोठलं असेल तर गोळा जागचा हलत नाही. घोणस किंवा फुरसं यांच्यासारखा साप चावला असेल तर विष रक्तातले गोठण्याचे घटक खाऊन टाकतं आणि रक्त पाण्यासारखं वाहतं. महागडं यंत्र लागत नाही. फक्त नळी काचेची हवी, प्लॅस्टिकची नको.

त्या वीस मिनिटांत काकू पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या, "मी त्याला गप केलं." मी त्यांना या जातीबद्दल सांगितलं. जर्मनीत शिकाऱ्यांनी हे कुत्रे बिळात राहणाऱ्या बॅजर नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी तयार केले. आखूड पाय बिळात शिरण्यासाठी, आणि एवढ्याशा अंगाला एवढा मोठा आवाज जमिनीखालून वरच्या माणसाला ऐकू जावा म्हणून. मालकाने त्या आवाजावरून कुठे खणायचं ते ठरवायचं. टिल्लू भुंकतो ते खोडी म्हणून नव्हे. तो तुम्हाला काहीतरी दाखवत असतो. काकूंनी मान हलवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नळी कलती केली. रक्त सरळ काठापर्यंत वाहत आलं.

सर्पविषावरची लस माझ्या फ्रिजमध्ये दोनच व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालणारी ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे तिचीच रिअॅक्शन यायची भीती असते. अॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवलं, सलाईनमधून लस हळूहळू सुरू केली आणि मदतनीसाला आणखी व्हायल आणायला पिटाळलं. कुत्रा लहान म्हणून लस कमी, असा हिशोब इथे चालत नाही. सापाने विष सोडलं ते सोडलं. सात किलोच्या जिवात ते तीस किलोच्या कुत्र्यापेक्षा जास्त भिनतं. स्नायूत एकही इंजेक्शन द्यायचं नाही, कारण टोचलं तिथे आतल्या आत रक्त साठत जातं. दुखणं कमी करायच्या नेहमीच्या काही गोळ्याही चालत नाहीत, त्या रक्तस्राव वाढवतात.

सहा तासांनी दुसरी नळी. तीही वाहिली. आणलेल्या दोन व्हायल दिल्या. लघवी लालसर झाली होती, हिरड्यांतूनही रक्त येत होतं. त्या संध्याकाळी मला खरोखर वाटलं, हा जातोय. काकू बाकावरून उठल्या नाहीत. घरून आलेला डबा तसाच राहिला.

रात्री अकराला तिसरी नळी उचलली. कलती करायला हात होईना. मग केली. गोळा तळाशी घट्ट बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सर्पमित्राला घेऊन काकूंच्या आगरात गेले. गडग्याच्या बुडाशी, टिल्लू पाय रोवून उभा होता असं काकूंनी दाखवलं त्याच जागी, तिसरा चिरा सरकवला. खाली हातभर फुरसं वेटोळं करून बसलं होतं. तपकिरी अंग, डोक्यावर पक्ष्याच्या पायासारखी फिकट खूण. अंगावर अंग घासून ते करकर असा कोरडा आवाज करत होतं. सर्पमित्राने त्याला आकड्याने उचलून बरणीत घेतलं आणि लांब सड्यावर नेऊन सोडलं. काकूंनी गडग्यालगतचा पातेरा आणि रचलेली लाकडं त्याच दिवशी गडी लावून हलवली.

टिल्लू पाच दिवस माझ्याकडे होता. सूज गळ्यापर्यंत उतरून मग ओसरली, ओठाची थोडी कातडी काळी पडून गेली. पाचव्या दिवशी काकू न्यायला आल्या. खिडकीबाहेरच्या आंब्यावर खार चिर्र चिर्र करत होती. टिल्लूने कान उभे केले, टेबलावरच शेपटी आपटायला लागला आणि अर्ध्या सुजलेल्या तोंडातून एक घोगरा भुंकार काढला.

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि तो कुठे बघतोय ते बघायला खिडकीशी गेल्या.