हिरडी लाल असताना कॅपचं माप घेऊ नका

सांगलीत प्रॅक्टिस करताना एक तक्रार सारखी ऐकायला मिळते, "डॉक्टर, दाढ भरल्यापासनं घास अडकतोय, काडी घातली की रगात येतंय." एक्स-रे काढला की बऱ्याचदा दिसतं की दोन दाढांच्या मधे फिलिंगची कड बाहेर आलीय, प्रोब (दात तपासायची बारीक सळी) फिरवला की पायरीसारखी हाताला लागते. तिथं ब्रश पोचत नाही, कीटण साठतं, हिरडी सुजते आणि हळूहळू खालचं हाडही झिजायला लागतं.

खरं तर मॅट्रिक्स बँड (दाढ भरताना दाताभोवती लावायची पातळ पट्टी) आणि दातांच्या फटीत नीट बसवलेला वेज, म्हणजे छोटी पाचर, एवढ्यानं हे बहुतेक वेळा टळतं. वेजमुळं बँड दाताला खालपर्यंत चिकटतो, मटेरियल बाहेर सरकत नाही, शिवाय दात जरासे फाकतात त्यामुळं बँड काढल्यावर कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन दात एकमेकांना टेकतात ती जागा, घट्ट येतो आणि मटणाचा धागा अडकत नाही. शेवटी फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) फिरवून बघायचाच, फाटला तर कड अजून खरखरीत आहे.

कॅपमधे वेगळा घोळ होतो. कड दिसायला नको म्हणून ती हिरडीखाली ढकलतात. पुढच्या दातांना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ठीक, पण त्याखाली हिरडी दाताला चिकटलेली असते, 1961 साली गार्जिउलो या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी तो पट्टा मोजला तर सरासरी 2.04 मिलिमीटर भरला, अर्थात माणसागणिक फरक पडतोच. कॅप त्या पट्ट्यात घुसली की हिरडी कितीही साफ ठेवा, लालच राहते. कीडच तेवढी खोल असेल तर आधी क्राउन लेंग्थनिंग करावं, म्हणजे हिरडी आणि गरज पडली तर हाड थोडं कमी करून दात जास्त उघडा करावा, आणि मागच्या दाढांना जमेल तिथं कड हिरडीच्या वरच ठेवावी, दिसतंय कुणाला? कॅप चिकटवताना बाहेर आलेलं जादा सिमेंटसुद्धा तिथं सहज काढता येतं, हिरडीखाली राहिलेला कण मात्र महिनोन् महिने त्रास देतो.

आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या बायका खूप, त्यात तासगाव भागातल्या मावशी म्हणतात, "द्राक्षाची छाटणी तोंडावर हाय, आजच माप घ्या." मी घेत नाही. रक्त येणाऱ्या हिरडीत माप स्वच्छ येत नाही आणि सूज उतरली की हिरडी खाली जाऊन कड उघडी पडते. म्हणून सांगतो, मावशी, आज दात साफ करू, मिश्री बंद करा, छाटणी उरकून या, तोवर टेम्पररी कॅप लावून देतो.