मांडुकलीचं पाणी आणि एकदाच मारलेला सेल

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गगनबावड्याला पाऊस बघायला गेलो होतो. बघितला, पोटभर बघितला. परतीच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुढचे वीस-बावीस दिवस त्यातून एकेक प्रकरण निघत गेलं. पावसाळ्यात या रस्त्याने जाणारे पुष्कळ असतात, म्हणून कुठे चुकलो तेही सगळं लिहितोय.

पुण्याहून आदल्या रात्री कोल्हापुरात आत्याकडे मुक्काम केला. सकाळी मी, बायको आणि आतेभाऊ निघालो. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, साधा गिअर. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. बालिंग्याचा पूल ओलांडला, कळे मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, रस्ता ओला पण मोकळा. गगनगडावर इतकं धुकं होतं की पायरी दिसायची ती फक्त पुढची. खाली येऊन भजी, दोन-दोन चहा, आणि अडीचला परत फिरलो. असळज सोडून थोडं पुढे आलो तर गाड्यांची रांग. सकाळी जिथून ऐंशीच्या स्पीडने आलो होतो तिथे तळं झालं होतं.

हा रस्ता बराचसा कुंभी नदीच्या काठाकाठाने जातो. गगनबावड्याला जोराचा पाऊस झाला की कुंभी फुगते, आणि खाली पंचगंगा आधीच भरलेली असली की पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही, ते शेतात आणि रस्त्यावर पसरतं. या फुगवट्याच्या पाण्याला ओढ नसते. शांत, गढूळ, वर उसाचा पाला तरंगतोय, बघून भीतीच वाटत नाही. लोंघे, किरवे, मांडुकली ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत असतात आणि मी ती वाचलेलीही होती. म्हणून सांगतो, घरातून निघतानाच कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याची, म्हणजे पंचगंगेची, पातळी बघा. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पण 39 ची वाट बघत बसू नका; आतल्या भागातले सखल रस्ते त्याच्या बरेच आधी जातात. आकडा चढता असेल आणि गगनबावड्यात रात्रभर पाऊस असेल, तर सकाळी मोकळा दिसलेला रस्ता दुपारी मिळेल असं धरून चालू नये. आम्ही ते धरूनच चाललो होतो.

पाण्यातून एक एसटी आरामात गेली. आतेभाऊ म्हणाला, ‘‘काय न्हाय हुईत लगा, घाल. यष्टी गेली न्हवं आत्ता?’’

एसटीची उंची आणि आपल्या गाडीची उंची यातला फरक कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. पण मागे हॉर्न वाजत होते. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसत होतं. एसी बंद केला, पहिला गिअर टाकला, रेस एकसारखी धरली, गिअर बदलला नाही, थांबलो नाही. पुस्तकात लिहितात तसं सगळं. दोन तृतीयांश पार केलं आणि समोरून दुधाचा टँकर आला. त्याला घाई असणार. त्याने ढकललेली लाट माझ्या बॉनेटवर चढून काचेपर्यंत आली. इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प.

पाण्याची खोली मी बरोबर मोजली होती, समोरच्या गाडीची लाट मोजली नव्हती. छोट्या गाड्यांत इंजिनाला हवा ओढणारं तोंड बहुधा पुढच्या जाळीच्या मागे, हेडलाइटच्या आसपास असतं. उभं पाणी तिथवर पोचलं नाही तरी लाट पोचते. पाण्यात उतरायचंच असेल तर पलीकडून कोणी येत नाही ना हे बघा. येत असेल तर त्याला आधी येऊ द्या. आणि पाण्याला ओढ असेल तर विषयच संपला, फूटभर वाहत्या पाण्यातही छोटी गाडी सरकायला लागते.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली. किल्ली फिरवली, म्हणजे बंद इंजिनाला सेल मारला. नेहमीचा ‘घुर्र’ आलाच नाही. ‘टक्’ असा एकच आवाज, कुणीतरी लाकडावर हातोडी आपटावी तसा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊन पाण्यावर आपटतो, आणि जोर जास्त असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड वाकला की इंजिन उतरवायचं, म्हणजे पन्नास हजारांच्या पुढची गोष्ट. पुन्हा किल्लीकडे हात गेला होता, तेवढ्यात मागच्या ट्रॅक्टरवरून ओरडा आला, ‘‘ओ पावणं, सेल मारू नगासा!’’

आम्ही दारं उघडून उतरलो आणि गुडघ्याला लागणारं पाणी थेट आत. तसं फटींतून ते आधीच यायला लागलं होतं. ट्रॅक्टरवाल्याने गाडी मागे, असळजच्या बाजूला ओढून काढली. ओढायचा हूक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं झाकण काढून तो पिळून बसवायचा असतो, हे मला गुडघाभर पाण्यात उभं राहून कळलं. तुम्ही घरी एकदा बसवून बघा. ओढताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टेअरिंग जड होतं, तेव्हा दोर लांब हवा. त्याने पाचशे रुपये घेतले, तेही नको नको म्हणत.

तासाभराने असळजहून मेकॅनिक मोटारसायकलवर आला. पोरगा पंचविशीचा असेल. त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग एअर फिल्टरचा डबा उघडला. कागदी फिल्टर चहात बुडवलेल्या खारीसारखा लगदा झाला होता आणि डब्याच्या तळाशी पेलाभर गढूळ पाणी. ‘‘फिल्टर कोरडा असता तर वायरिंगच वाळवलं असतं,’’ तो म्हणाला, ‘‘ह्येच्यात आत पाणी हाय.’’ ही परीक्षा कोणीही करू शकतं, डब्याला बहुतेक चार क्लिपाच असतात.

त्याने चारही प्लग काढले, पेट्रोलचा फ्यूज काढला, बॅटरी जोडली, आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि मग सेल मारला. दोन भोकांतून पाण्याची पिचकारी उडाली ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लागून आमच्या अंगावर. उरलेली दोन कोरडी. इंजिन मोकळं फिरत होतं. त्या क्षणी माझ्या बायकोने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. पण ऑईलची पट्टी काढली तर ऑईल दुधाच्या कॉफीसारखं. ‘‘हे बदलल्याबिगर चालू करायचं न्हाई,’’ असं म्हणून तो साडेतीन लिटर ऑईल आणि फिल्टर आणायला गेला. त्या रात्री परत गगनबावड्यातच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं, गाडी चालू झाली, सुरुवातीला थोडी थरथरली, मग रुळली. त्याने बजावलं होतं की हे ऑईल म्हणजे आतली विसळणी, दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला. पुण्यात बदललं, तेव्हाही त्यात किंचित पांढुरकेपणा होताच. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तोही तपासून घेतला, चारही सिलिंडर सारखे निघाले. नशीब.

आणखी एक. भिजलेल्या गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघाल्यावर पहिला किलोमीटरभर ब्रेक हलके दाबत चला, तोवर ते लागतच नाहीत.

विम्याचं गणित वेगळंच निघालं. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी शिरल्यावर सेल मारून इंजिन गेलं तर ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. झिरो डेपवर, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणाऱ्या कव्हरवर, ते भागत नाही. माझ्याकडे झिरो डेप होतं आणि मी निवांत होतो. शिवाय क्लेम करायचा असेल तर गाडी उघडण्याआधी कंपनीला फोन, पाण्यातले फोटो आणि मग नुकसान बघायला येणारा सर्व्हेअर हा क्रम. मी आधी उघडली. अर्थात क्लेम केलाही नाही. एकूण बिल अकरा-साडेअकरा हजार, त्यातलं ऑईल, फिल्टर आणि सफाई ते देणार नव्हते, वर हजार रुपये सक्तीची कपात, आणि माझा 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला असता. तुमचा हिशोब तुम्ही मांडा, पण फोन आधी करा.

पुण्यात आल्यावरचे त्रास सावकाश येतात, म्हणून ते फसवे. चौथ्या दिवशी गाडीत कुबट वास. वरचा गालिचा हाताला कोरडा लागत होता, पण सीट काढून तो उचलला तर खालचा फोम पिळून निम्मी बादली पाणी निघालं. फक्त दारं उघडी ठेवून वाळवण्यात वेळ घालवू नका, सीट काढाच. आठव्या दिवशी चाळीसच्या पुढे मागच्या डाव्या चाकातून घुमणारा आवाज, बेअरिंग गेलं. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. गिअरबॉक्सचंही तसंच, त्यामुळे त्याचं ऑईलही बघून घ्या. आमचं चांगलं निघालं. हॉर्न मात्र तेव्हापासून मेंढरासारखा ओरडतो.

पुढची नंबर प्लेट गेली हे तर आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कोल्हापुरात आत्या ओवाळायला म्हणून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘अरे, गाडीचं कपाळच मोकळं दिसतंय की!’’ ती नवीन सुरक्षा प्लेट कुठल्याही दुकानात करून मिळत नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, ती जोडून ऑनलाइन अर्ज करायचा, आणि तोवर नोंदीची प्रत गाडीत ठेवायची. पाण्यातून बाहेर आलात की गाडीभोवती एक चक्कर मारा. प्लेट बहुधा तिथेच काठाला उसाच्या पाल्यात अडकलेली असते.

आणि गालिचा बसवण्याआधी फरशीची रबरी बुचं मोजा. पाणी सोडायला काढलेलं एक बूच आमचा मेकॅनिक परत लावायला विसरला. ते कळलं पुढच्या पावसात, बायकोचा पाय भिजला तेव्हा.