माणशी २०७ रुपयांत साक्षरता

प्रौढांना लिहायवाचायला शिकवायची केंद्राची जी योजना आत्ता चालू आहे, उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, तिचं २०२२ ते २०२७ असं पाच वर्षांचं बजेट आहे १०३७.९० कोटी. ७०० कोटी केंद्राचे, उरलेले राज्यांनी घालायचे. आणि टार्गेट ५ कोटी माणसं. करा भागाकार, माणशी साधारण २०७ रुपये पडतात. आता म्हणाल एवढ्यात शिकवणाऱ्याला काय देणार, तर काहीच नाही, योजनाच स्वयंसेवकांच्या जिवावर आहे, मानधन नाही म्हणजे नाही.

स्वयंसेवेला नावं ठेवत नाहीये मी. मी स्वतः भांडुपला टेकडीवरच्या एका वस्तीत बायकांच्या वर्गाला जाते, पण कसं, तर सुट्टी असली की. फोर्टातून साडेसहाला सुटून भांडुपला उतरून वर चढेपर्यंत आठ वाजतात आणि आठला त्या बायकांच्या घरी चपात्या चालू असतात. त्यांचा मोकळा वेळ दुपारचा, धुणीभांडी उरकून आल्यावर दोन ते चार, तेही पाणी आलं नाही तर. भर दुपारी दोनला फुकट शिकवायला या शहरात रिकामं कोण बसलंय? त्याच वस्तीतली बारावी झालेली पोरगी असते, तिला शिकवायची हौसही असते, पण तेवढ्याच वेळात घरी बसून इमिटेशनच्या माळा ओवल्या तर तिला पैसे मिळतात. मग ती माळा ओवते, आणि बरोबर करते.

शाळेतल्या शिक्षकांवर टाका म्हणतात लोक. २०२३ ला निरक्षरांचा सर्व्हे करायला सांगितला तेव्हा शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला होता, केवढी टीका झाली त्यांच्यावर. मला तर त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. निवडणूक त्यांनीच, जनगणना त्यांनीच, आता हेही त्यांनीच?

मुंबईचा अजून एक घोळ म्हणजे टक्केवारी. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्हा ८९.२१ टक्के साक्षर, उपनगर जवळपास ९०. वा! पण उरलेले दहा टक्के म्हणजे दहा लाखांच्या वर माणसं होतात इथे. पैसे मात्र टक्के बघून वाटले गेले. २००९ ला साक्षर भारत ही केंद्राची आधीची योजना आली ती ज्या जिल्ह्यांत बायकांची साक्षरता ५० टक्के किंवा कमी त्यांच्यासाठी, आणि तिथेही फक्त ग्रामीण भाग, म्हणजे गोवंडी, मालवणी, धारावी आपोआप बाहेर. गावाला पैसे द्यायलाच हवेत हो, पण गावातून निघून इथे आलेल्या बाईचं काय, ती दोन्हीकडच्या यादीत नव्हती.

आणि हे शहर असं नव्हतं. १९३९ मध्ये, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं त्या काळात, इथे प्रौढ शिक्षणाची शहरासाठी वेगळी कमिटी होती. देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ, म्हणजे कामगारांना शिकवणारी संस्था, १९६७ ला मुंबईतच वरळीला निघालं, गिरणी कामगारांची वस्ती जवळ होती म्हणून. त्याची पुढे जन शिक्षण संस्थान झाली, मग २०१८ ला ती सगळी योजनाच कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. शिवणकाम, ब्युटी पार्लर वगैरे कोर्स असतात, चांगले असतात, पण माप लिहून घ्यायचं तर आधी आकडे लिहिता यायला हवेत ना.

मुरबाडच्या फांगणे गावातली आजीबाईंची शाळा आठवते? गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, दर महिलादिनाला फॅमिली ग्रुपवर येतेच. कौतुक आहेच, पण त्या साड्या नि दप्तरं एका ट्रस्टने दिली होती. देणगीवर एक गाव शिकतं, दहा लाख माणसं नाही शिकत.

आता वर्गातली एक गोष्ट सांगते जी कुठल्याच बजेटमध्ये सापडणार नाही. चष्मा. आमच्याकडे एक मावशी आहेत, पन्नाशीच्या, पुस्तक हात लांब करून धरायच्या नि म्हणायच्या, 'माझ्या डोक्यात शिरत नाही गं.' आम्हालाही तसंच वाटायला लागलेलं. एकदा शेजारच्या बाईचा चष्मा गंमत म्हणून लावला आणि 'क'चं पोट नि 'फ'चं पोट वेगळं दिसतं हे बघून त्या खो खो हसत सुटल्या. मग स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून एक घेतला, माणशी २०७ मधला निम्मा त्यातच गेला असता. चाळिशीच्या पुढच्या वर्गात निम्म्या बायकांची हीच कथा, आणि आपण म्हणतो वय झालं, शिकणं जमत नाही.

भाषेचंही तसंच, एका चटईवर मराठी, हिंदी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या बायका बसतात आणि पुस्तक एकच. महापालिका स्वतः आठ माध्यमांच्या शाळा चालवते, तिचं शिक्षणाचं बजेट २०२४-२५ ला साधारण साडेतीन हजार कोटी होतं, म्हणजे या सगळ्या भाषांचे शिक्षक नि इमारती शहरात आहेत. पण तो पैसा मुलांचा. शिक्षण हक्क ६ ते १४ वयाला, त्यानंतर तुम्ही आणि तुमचं नशीब. एका शाळेत आम्ही रविवारी एक खोली मागितली तर पहिला प्रश्न, वॉचमनचे जादा तास कोण देणार? चिडले होते मी, पण प्रश्न खरा आहे, त्या माणसाने तरी फुकट का थांबावं.

२०२७ नंतरच्या योजनेची फाईल कुठल्यातरी टेबलावर असेलच. त्यात मोठ्या शहरांसाठी टक्के नाही तर डोकी मोजून पैसे ठेवा. वस्तीतल्या पोरीला मानधन, वॉचमनचे जादा तास आणि चष्मे, या तिन्हींना बजेटमध्ये वेगळी हेड्स टाका, नाहीतर ते पैसे बॅनर नि प्रमाणपत्र वाटपाच्या मंडपात जातात. आणि वर्ग दुपारी दोनचा धरा, संध्याकाळचा नको.