उल्लेखनीय कार्याबद्दल

धुळ्यात माझं सन्मानचिन्हांचं दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंतांचे सत्कार, मग शिक्षक दिन, मग गणेश मंडळं, आणि निवडणूक जवळ आली की ‘समाजभूषण’ आणि ‘खान्देशरत्न’ यांचं अमाप पीक. मजकुराची फाइल कॉम्प्युटरमध्ये तयारच असते: ‘आपल्या उल्लेखनीय कार्याबद्दल’. नाव आणि फोटो बदलला की झालं. कार्य कोणतं, हे ना गिऱ्हाईक सांगतं, ना मी विचारतो.

फेब्रुवारीत, विज्ञान दिनाच्या तोंडावर, एका महाविद्यालयातले भूशास्त्राचे सर आले. प्रदर्शनासाठी सनबोर्डवर शास्त्रज्ञांचे फलक हवे होते आणि एक सन्मानचिन्ह. मी नेहमीप्रमाणे प्रूफ काढून पुढे ठेवलं. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ दिसेल तिथे काट मारत गेले. म्हणाले, “पुरस्काराचं नाव कुठेही मिळतं हो. माणसाने केलं काय, ते लिहा.”

मग स्टूल ओढून बसले आणि सांगायला लागले, मी टाइप करत गेलो. पहिले दाराशॉ वाडिया. जन्म १८८३, सुरत. “म्हणजे आपल्याच तापीकाठचे की,” मी म्हटलं. सर खूश झाले. वाडिया जम्मूच्या कॉलेजात शिकवायचे आणि सुट्ट्या लागल्या की हातोडी घेऊन डोंगरात. हिमालयाच्या रांगा वायव्येला नंगा पर्वताभोवती कशा वळतात, ते त्यांनी उलगडून दाखवलं. १९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, भारतीय भूवैज्ञानिकांत पहिलेच.

मग सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत. १९८३ च्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिला. सेनगुप्ता जादवपूर विद्यापीठात भूशास्त्र शिकवायच्या. दाबाखाली खडकांना घड्या कशा पडतात, हा त्यांचा विषय. त्यांना विज्ञानासाठीचा १९९१ चा भटनागर पुरस्कार मिळाला. पंत मूळच्या नागपूरच्या. समुद्रापासून एवढ्या लांबच्या गावातली मुलगी समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या मागे लागते, याचं मला भारी नवल वाटलं. शेवटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल. हिंदी महासागर तापतोय आणि त्याने आपला पाऊस कसा बिघडतोय, हे त्यांचं काम. २०२४ मध्ये ‘विज्ञान युवा’ मिळाला, भटनागर पुरस्काराचं हल्लीचं रूप. या पुरस्काराला वयाची अट आहे, पंचेचाळीस. आमच्याकडे पंचेचाळिशीत ‘युवा नेता’चं चिन्ह करायला येतात, हे मी सरांना सांगितलं नाही.

फलक झाले. सन्मानचिन्हाला मात्र सरांना अ‍ॅक्रिलिक नको होतं. त्यांनी पिशवीतून नारळापेक्षा थोडा मोठा काळा दगड काढून काउंटरवर ठेवला. साक्रीकडे जाताना शेतांमधून सरळ रेघेत गेलेली काळी टेकाडं दिसतात ना, त्यातला. सरांच्या भाषेत ‘डाइक’. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून तापलेला शिलारस वर चढला आणि भेगेतच थिजला. बाजूचा खडक झिजून गेला, ही भिंत उरली. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा शेकडो आहेत म्हणे. जन्म इथे गेला, मी त्यांना टेकडीच समजत होतो.

लेझरने अक्षरं उठवायची तर दगडाची एक बाजू सपाट आणि गुळगुळीत हवी. ओटे बसवणाऱ्या ग्रॅनाइटवाल्याकडे नेला. त्याने दोन्ही हातांनी फिरवून परत दिला. “भो, हाऊ दगड नही, लोखंड शे. मनी ब्लेड जाई.”

सरांना फोन केला. ते हसले. “असा दगड कापणारा आमच्याकडे एकच माणूस आहे. पंचाईत अशी की चिन्ह त्यालाच द्यायचंय.”

ते विभागातले परिचर, सगळ्यांचे मामा, निवृत्त होत होते. त्यांना सांगितलं, गोव्याहून समुद्रशास्त्राचे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासाठी आहे. मामा म्हणाले, “मग चांगला करू.” मी प्रयोगशाळेत जाऊन पाहिलं. पाण्याच्या धारेखाली डायमंड ब्लेड, आणि मामा दगड असा हळूहळू सरकवत होते की आवाजावरून त्यांना आत काय चाललंय ते कळत असावं. मग काचेवर कार्बोरंडमची पूड, पाणी, आणि गोल गोल घासणं. आधी जाड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. मध्येच दगड उजेडाकडे तिरपा धरून म्हणाले, “या बाजूला केसाएवढी चीर आहे. पाहुण्यांना ही नको.” आणि दुसरी बाजू पहिल्यापासून धरली.

त्यांचं रोजचं काम याहून नाजूक. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत घासायची. तेव्हा काळा दगड आरपार दिसतो. त्यांनी एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून मला दाखवली. आत खनिजांच्या करड्या-पांढऱ्या काड्याच काड्या. त्या करड्या दिसल्या की जाडी बरोबर, पिवळ्या दिसल्या तर अजून घासायचं. जास्त घासलं की सगळं पाण्याबरोबर वाहून जातं आणि विद्यार्थ्याचा नमुना गेला.

अक्षरं छान उठली, काळ्यावर राखाडी. मजकूर सरांचा: नाव, आणि खाली ‘यांनी घासलेल्या काचपट्ट्यांवर या विभागातल्या प्रत्येक पीएच.डी.चं काम उभं आहे’. नेहमीच्या दरात मी दोनशे रुपये कमी लावले. सरांनी ऐकलं नाही, पूर्ण दिले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. मला वाटलं आभार मानायला केला असेल.

“गोव्याचे पाहुणे म्हणे! माझं आहे हे आधी सांगायचं ना. अजून एक हात पॉलिश मारलं असतं.”